एक सूत सैल

"बटण लागत नाहीये गं," मास्तर आरशासमोर मान उंच करून म्हणाले, आणि मास्तरीणबाईंच्या मनात असा काही आनंद उसळला की तो चेहऱ्यावर उमटू नये म्हणून त्यांना पाठ फिरवावी लागली.

"द्या इकडे. एक सूत सैल करून देते."

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मास्तर चाळीस वर्षं कापडावर कात्री चालवत आले होते, शिंपी म्हणून त्यांचं नाव होतं, सूत म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण स्वतःच्या गळ्याला गेल्या काही महिन्यांत किती सुतं लागली, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. ते मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. सातही शर्टांची वरची बटणं त्यांनी एकेक सूत बाहेर सरकवली होती, आणि सरकवायला जागा उरली नाही तेव्हा शर्टाच्या मागच्या घेरातून कापड काढून गळ्याची नवी पट्टी चढवली होती. जोड कुठे आहे हे भिंगातून पाहिलं तरी कळलं नसतं... इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात कुणाचं काही शिवलं नव्हतं.

"वहिनी, दादाचं किती करता हो," नणंद म्हणायची. ही मास्तरांची धाकटी बहीण, दुकानाचा गल्ला आणि गिऱ्हाइकं तीच सांभाळायची. मास्तरीणबाई मान खाली घालून हसायच्या. करते आहे खरी, त्या मनात म्हणायच्या, पुरेपूर करते आहे.

कारण मास्तरांना काय होतंय हे त्यांनी ओळखलं होतं. भर उन्हाळ्यात स्वेटर. घोगरा आवाज. सुजलेले डोळे, भुवयांची झडलेली टोकं. जिना चढताना दोनदा थांबणं, चहाचा कप हातात धरून पेंगणं, सकाळी सांगितलेलं दुपारी विसरणं, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला हळूहळू वर येणारा तो फुगवटा. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर त्या स्वतः तासन्तास बसल्या होत्या, आणि समोरच्या भिंतीवरच्या चित्रात असाच गळा होता, त्याखाली लिहिलं होतं, थायरॉइड. एक तपासणी आणि एक छोटीशी गोळी, एवढ्यावर हा माणूस ताळ्यावर आला असता. एक शब्द बोलायचा अवकाश होता.

तो शब्द त्यांनी ओठांवर येऊ दिला नाही.

का येऊ द्यायचा? सहा वर्षांपूर्वी त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. पाळी जायला आली होती आणि जाता जाता सगळं अंग पेटवून चालली होती. गळ्यापासून कानशिलांपर्यंत एकाएकी आग चढायची, घामाने पाठ भिजायची, झोप तर वैरीण झालेली... काळीज धडधडायचं, डोळे उगाच भरून यायचे, आणि क्षुल्लक गोष्टीवर असा संताप उफाळायचा की आपलीच आपल्याला भीती वाटावी. मास्तरांना सांगायला गेल्या तेव्हा ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले होते, "बायकांची नाटकं."

आणि मग तो कोटाचा दिवस. चौकड्यांचं कापड होतं. चौकडी जुळायला हवी म्हणून असं कापड दुहेरी न घालता एकेरी कापतात. मास्तर खडूने आखायचे, मास्तरीणबाई आखणीवरून कापायच्या. वीस वर्षांची दोघांची रीत. त्या दिवशी कोटाचे पुढचे दोन्ही भाग कापून झाले, टेबलावर मांडले, आणि दोन्ही डाव्या बाजूचे निघाले. उजवी बाजूच नाही. कापड शिल्लक नाही. समोर गिऱ्हाईक उभं. मास्तरांनी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या हाती कात्री म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. वय झालं हिचं, डोकं फिरलंय. उद्यापासून वर बसून काजं कर."

गिऱ्हाईक हसलं. नणंद हसली. मास्तरही हसले.

तेव्हापासून मास्तरीणबाई वरच्या खोलीत. शंभर, हजार, दहा हजार काजं... ज्या हाताने कोट उभे केले त्या हाताने आता नुसत्या भोकांना टाके घालायचे. दोन वर्षं तशीच तळमळत काढली आणि मग एके दिवशी कुणाला न सांगता त्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं, औषध दिलं, चालायला लावलं, आणि म्हणाल्या, "वेड नाही हे. शरीर बदलतंय तुमचं." त्या वाक्यावर मास्तरीणबाई ढसाढसा रडल्या होत्या. अंगाची आग पुढे विझली. आतली मात्र विझली नाही. कारण ते दोन डावे भाग त्यांच्याच हातचे होते, डोकं त्या दिवशी खरंच फिरलं होतं, ही टोचणी राहिली ती राहिलीच.

म्हणून त्या गप्प राहिल्या. सात महिने.

आणि ज्या दिवसाची त्या वाट पाहत होत्या तो उजाडला. काजं झालेले शर्ट घेऊन त्या खाली आल्या होत्या. मास्तर एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. छाती मोजली, वहीपाशी आले, आकडा विसरले. परत गेले, मोजलं, आले, विसरले. तिसऱ्यांदा गिऱ्हाईकच हसून म्हणालं, "मास्तर, तोवर मी जाडा होईन."

नणंदेने पुढे होऊन भावाच्या गळ्यातला टेप काढून घेतला. "दादा, बस तू आता. वय झालं तुझं."

तेच शब्द. त्याच खोलीत. मास्तरीणबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या, आता ते चिडतील, आता त्यांचा चेहरा लाल होईल, आता त्यांना कळेल अपमान कशाशी खातात... पण मास्तर नुसते हसले. ओशाळं, मंद, लहान मुलासारखं. "बरं," म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मान छातीवर कलली.

मास्तरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ज्या घासासाठी दात शिवशिवत होते तो तोंडात आला आणि पिठासारखा बेचव लागला. ज्याला लागतच नाही त्याचा अपमान काय करायचा? सूड घ्यायचा तर समोरचा माणूस शुद्धीवर तरी हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मास्तरांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी गळा चाचपला, रक्त काढून घेतलं. "अहवाल यायचाय, पण थायरॉइड थकलाय असंच दिसतं. शरीराचा सगळा वेग या ग्रंथीवर असतो. सगळे म्हणाले असतील, वय झालं?"

"म्हणतात," मास्तर म्हणाले.

"म्हातारपण हा आजार नाही, मास्तर. आणि आजाराला म्हातारपण म्हणायचं नसतं. ही गाठ कधीपासून आहे?"

"गाठ?" मास्तरांनी गळ्याला हात लावला. "कुठली गाठ?"

डॉक्टरबाईंचा चेहरा गंभीर झाला. "किती वेगाने वाढली ते मला कळायला हवं. झपाट्याने वाढली असेल तर शंका वेगळी. कुणाला काही आठवतंय?"

मास्तरीणबाईंनी ओठ घट्ट मिटले. बोललं तर आपलं बिंग फुटतं. न बोललं तर... त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. तो निर्बुद्धपणे गळा चाचपणारा हात पाहिला.

"आधी गळा पंधरा इंच होता," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनाच परका वाटला. "सात महिन्यांपूर्वी एक सूत वाढला. दुसऱ्या महिन्यात एक. मग दीड महिना काही नाही. पुढे दर महिन्याला एकेक. आज पावणेसोळा आहे."

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. "म्हणजे सावकाश वाढली. छान झालं, सोनोग्राफीने खात्री करून घेऊ. पण इतकं नेमकं कसं लक्षात राहिलं?"

"शर्ट मीच सैल करत होते."

मास्तर मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिले.

परतताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते थांबले. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोटाच्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात ते आठवा."

मास्तरांनी खूप प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले. मग हताशपणे म्हणाले, "कुठला कोट गं?"

सहा वर्षं... सहा वर्षं ज्या निखाऱ्यावर आपण फुंकर घालत बसलो तो या माणसाच्या लेखी साधी राखही नाही! तिथेच पायरीवर मास्तरीणबाईंनी मनाशी ठरवलं, तुम्हाला बरं करीन. खडखडीत बरं करीन. आणि आठवेल त्या दिवशी तुमच्यासमोर उभी राहीन.

अहवाल आला तो डॉक्टरबाई म्हणाल्या तसाच. मग मास्तरीणबाईंनी जी शुश्रूषा आरंभली ती एखाद्या पहारेकऱ्याला लाजवेल अशी. पहाटे उपाशीपोटी गोळी. त्यानंतर तासभर चहा नाही म्हणजे नाही. मास्तर स्वयंपाकघरात डोकावले की त्या भांडं हातात घेऊन दारात उभ्या. संध्याकाळी बागेला दोन फेऱ्या. दीड महिन्यांनी पुन्हा रक्त, गोळी थोडी वाढवली. मास्तर म्हणायचे, "तुरुंग बरा." त्या म्हणायच्या, "शिक्षा संपायची आहे अजून."

स्वेटर गेला. डोळ्यांवरची सूज उतरली. आवाज मोकळा झाला. एके दिवशी मास्तरांनी नणंदेला सांगितलं की परवाच्या पॅन्टची कंबर तिने चुकीची लिहिली आहे, आणि ते बरोबर निघालं. मास्तरीणबाईंनी ऐकलं आणि सुईत नवा दोरा ओवला. आलं, आता जवळ आलं.

तिसरा महिना सरता सरता एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. मध्ये कुठेही न थांबता मास्तर वर आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"चौकड्यांचा कोट," ते म्हणाले. "माकडाच्या हाती कोलीत... असं म्हणालो मी तुला. गिऱ्हाइकासमोर."

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचं पाठ केलेलं भाषण ओठांवर आलं. पण मास्तरांनी हात वर केला.

"थांब. अजून आहे. ते तुला माहीत नाही. खडू माझा होता. दोन्ही भाग मीच डावे आखले. तू आखणीवरून बरोबर कापलंस. ते टेबलावर मांडले तेव्हाच मला कळलं होतं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं... आणि तू घामाने निथळत होतीस, सगळ्यांना दिसत होतं. तुझ्यावर ढकलणं सोपं होतं."

मास्तरीणबाईंनी हातातली सुई अर्धवट काजात खोचून ठेवली.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या, "मी स्वतःला वेडी समजत होते."

मास्तर भिंतीला धरून खाली बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. हाच तो क्षण, हाच हवा होता... त्यांनी तो डोळे भरून पाहिला. दया आली नाही. आली असती तर ती खोटी असती.

"उठा," त्या म्हणाल्या. "खाली चला. जिथे माझी अब्रू घेतलीत, तिथेच परत द्या."

खाली नणंद होती आणि पॅन्ट आखूड करायला आलेला एक अनोळखी माणूस. मास्तरांनी त्या दोघांसमोर सगळं सांगितलं. खडू, आखणी, खोटं, काहीही न गाळता. नणंदेचं तोंड उघडंच राहिलं. अनोळखी माणूस कधी पॅन्टकडे, कधी छताकडे बघत होता.

मास्तरीणबाईंना वाटलं होतं, आता जीव थंड होईल. पण मास्तर बोलून थांबले आणि त्या शांततेत त्यांना स्वतःचे ते सात महिने ऐकू येऊ लागले.

"आता माझंही सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आजारी पडत होतात आणि मी..."

"काही नाही," मास्तर मध्येच म्हणाले. ते गिऱ्हाइकाकडे वळले, आवाज स्वच्छ होता. "माझा आजार कुणालाही कळला नाही. हिला कळला. डॉक्टरांकडे हिनेच नेलं मला."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी किंचित मान हलवली, नाही म्हणून. ते आपल्या दोघांतच राहू दे, असं ती मान सांगत होती.

मग सहा वर्षं चार लोकांसमोर एकदाही न रडलेल्या मास्तरीणबाई टेबलावर हात टेकून रडल्या, आणि मास्तर त्यांच्या शेजारी, गिऱ्हाइकाकडे पाठ करून, त्या कुणाला दिसू नयेत असे उभे राहिले.