मुजवलेल्या भुयारातली टकटक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या थोआमावशीवर गुदरलेली आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलणारी बाई ती नव्हे.

साल १९५२. लाल नदीच्या मुखाकडचं आमचं गाव. भातखाचरांपलीकडे फ्रेंचांची चौकी.

मावशीचा नवरा खोआत हा फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्यांतला. गस्त आली की तो डुकरांच्या गोठ्याखालच्या भुयारात उतरायचा. मग आतून बांबू वाजवून विचारायचा...

टक. टक.

मावशीने उखळावर मुसळाचे तीन ठोके दिले, की गस्त गेली समजायचं. ही खूण फक्त नवराबायकोची.

एक दिवस ती बाजारातून परतली, तर भुयाराच्या तोंडाशी तो मरून पडलेला.

झाकण फोडलेलं नव्हतं.

आतून उघडलेलं होतं.

सैनिकांनी भुयार मातीने मुजवलं. पुढे वर्षभर धाकटा दीर दाइन तिचा आधार झाला. लावणी त्याने केली, छप्पर त्याने शाकारलं.

वर्षश्राद्ध आलं. भर दुपार, बाहेर बारीक भुरभुर. दाइन तांदळाची दारू घेत जेवायला बसला.

“वहिनी, दादाच्या वाट्याचं मांसही मलाच वाढा. तो थोडाच येतोय भांडायला!”

“भाऊजी, तुमच्या जिभेला काही हाड?”

तेवढ्यात गोठ्यातली डुकरं गप्प झाली.

पागोळ्यांचा आवाजही थांबला...

टक. टक.

मुजवलेल्या मातीखालून.

मावशी गारठली. दाइनने मान वर केली नाही. पण त्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या आपोआप वाडग्यावर आपटल्या...

एक. दोन. तीन.

तो स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला.

“भाऊजी... ही खूण तुम्हाला कुणी शिकवली?”

“दादानेच. म्हणाला, वहिनी घरात नसली तर तू ठोके दे.” त्याचे ओठ पांढरे पडले. “वहिनी, ते चौकीवाले म्हणाले होते, नुसतं पकडून नेऊ! मारणार नाही म्हणाले होते!”

“आणि वर्षभर माझ्याच हातचं जेवलात?”

बाहेर झाकण सरकल्याचा आवाज झाला...

तिथे झाकण उरलंच नव्हतं.

दाइन उठला. शहाण्या लेकरासारखा म्हणाला, “आलो, दादा.” आणि भुरभुरीत निघून गेला.

मावशी मागोमाग धावली. चिखलात त्याची पावलं गोठ्यापर्यंत गेलेली. पुढे काहीच नाही. माती होती तशीच, घट्ट. डुकरं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी.

लोक म्हणाले, चौकीत पळाला असेल. पण चार दिवसांनी चौकीवालेच त्याला शोधत आले.

मावशीने ती जागा कुणाला खणू दिली नाही. टकटकही परत झाली नाही.

तिला दाइनचा राग येतोच. पण बोलता बोलता ती मध्येच थांबते, गोठ्याकडे बघते.

“खूण त्याने भावाला सांगितली, मला कळूही दिलं नाही,” ती म्हणते. “आणि आला, तोही भावालाच न्यायला. मी उंबऱ्यात उभी होते गं... माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.”