नऊ ओळींची दुरुस्ती

तिसऱ्या मजल्यावरील त्या खोलीत चोवीस व्हेंटिलेटर लोखंडी मांडणीवर ओळीने ठेवलेले होते. रुग्ण एकही नव्हता. प्रत्येक नळीला एक रबरी फुफ्फुस जोडलेले होते. या यंत्रांना चालविणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची परीक्षा घेणे हे तिचे, तेथील तरुण अभियंतीचे, काम. प्रत्येक यंत्रावर सहाशे चाचण्या होत, आणि प्रत्येक चाचणीपूर्वी यंत्र बंद करून नव्याने सुरू करावे, असा तेथील जुना दंडक होता. यंत्राला जागे होण्यास तीन मिनिटे लागत. प्रोग्राममधील एक ओळ बदलली, तरी निकालासाठी तीस तास डोळे लावून बसावे लागे.

घरी तिच्या वडिलांचा श्वास अशाच एका यंत्रावर चालला होता. हे यंत्र घरी आल्यापासून चार महिन्यांत ते दोनदा मध्येच थांबले होते. दोन्ही वेळा आईने हाताने श्वास देण्याचा फुगा दाबून वडिलांना तगवले. दोष सिस्टीमचा, एवढेच उमगले होते. तो सापडण्याआधी तिसरी वेळ आली तर?

म्हणून तिने दंडक मोडला. यंत्र एकदाच जागे करायचे, त्या क्षणीच्या त्याच्या स्मृतीची हुबेहूब नक्कल जपून ठेवायची, आणि प्रत्येक चाचणी त्या नकलेपासून आरंभायची. तीस तासांचे काम अकरा मिनिटांवर आले.

"ताई, घाम फुटेल हो यंत्रांना!" तंत्रज्ञ काका हसले.

बुधवारी दुपारी मात्र तिच्या ध्यानात आले, की निकालावरील वेळ तिने कळ दाबण्याच्या सहा सेकंद आधीची होती.

"काका, घड्याळं मागेपुढे झालीत का?"

"सकाळीच मिळवलीत मी. सेकंदाचाही फरक नाही." काकांनी स्वतः पाहिले, आणि मग ते हसले नाहीत.

संध्याकाळपर्यंत तिने चूक शोधली. चूक नव्हती.

गुरुवारी तिने दुरुस्ती लिहिण्याचे पान उघडले. ते कोरे होते. बोटे अजून कळांवर टेकलीही नव्हती, तोच निकाल आला : दुरुस्ती, नऊ ओळी. चाचण्या सहाशे. उत्तीर्ण सहाशे.

तिने तो निकाल पुन्हा वाचला. दोन आठवडे ती दोष शोधत यंत्राच्या स्मृतीच्या व्यवस्थापनात खोल उतरली होती. तेथील कोणतीही दुरुस्ती शेकडो ओळींची झाली असती. नऊ ओळींत काय सुधारेल? केवळ एकच भाग तेवढा लहान होता : दोन श्वासांमधील काळ मोजणारा गणक.

आणि मग तिला लख्ख दिसले. तो गणक महिनोन्‌महिने वाढत जाई आणि भरला की शून्यावर येई. प्रत्येक चाचणी नव्याने जागे केलेल्या यंत्रावर होत आल्याने तो भरलेला कधी कोणी पाहिलाच नव्हता. तिने नकलेतील गणक काठोकाठ आणून ठेवला आणि कळ दाबली.

चोवीस रबरी फुफ्फुसे एकाच वेळी थांबली.

"अगं बाई," काका पुटपुटले. एवढी शांतता त्या खोलीने ऐकली नव्हती.

तिने दुरुस्ती लिहिली. फुफ्फुसे फुगली, बसली, पुन्हा फुगली. काकांनी पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या. नऊ भरल्या.

शनिवारी सकाळी वडिलांचे यंत्र बंद न करताच त्यावर नवी सिस्टीम चढली; गणक होता तेथूनच पुढे चालू राहिला. दुपारी आईचा फोन आला. "गणक का काय तो, भरून पुन्हा शून्यावर गेला म्हणे. यंत्र अडखळलंसुद्धा नाही. बाबा गाढ झोपलेत."

तिने डोळे पुसले.

"ते नकलेचं प्रकरण आता बंद करायचं का?" काकांनी हळूच विचारले.

"राहू द्या, काका."

तेवढ्यात आणखी एक निकाल आला. कळ कोणीच दाबली नव्हती. चाचणीचे नाव नव्हते, शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होते : "चहा गार झाला की गं, भिंगरी."

त्या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारी. गळ्यातील नळीमुळे वर्षभर त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

वर वेळ होती : उद्या, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

उद्या रविवार. ती घरीच असणार होती.