भीतीची शिकवणी

घनवट राष्ट्रीय उद्यानात शिरण्याआधी माणसाला घाबरायला शिकावं लागे.

फाटकाजवळच्या खोलीत पाहुण्यांना अनवाणी उभं करत. कर्ण्यातून वानराचा ‘खॉक्-खॉक्’ असा इशारा वाजला की पायाखालच्या पत्र्यातून झिणझिण्या येत आणि माणूस टुणकन मागे सरके. हे इतक्यांदा करत की शेवटी झिणझिण्या बंद केल्या तरी नुसत्या आवाजानं पाय मागे जात. कऱ्हाडहून आलेल्या शर्वरी माणगावकरला हा सगळा पोरखेळ वाटला. तिची मुलगी जाई लहान म्हणून शिकवणीतून सुटली होती. ती बाकावर बसून आईच्या उड्या बघत खिदळत होती.

“हसू नकोस, जाईबाई,” डॉ. यास्मिन मुजावर म्हणाल्या. “वाघ समोर आला की विचार करायला सवड नसते. डोक्याआधी पायांनी शिकलेलं बरं.”

यास्मिनबाई उद्यानाच्या शास्त्रज्ञ, आणि पाहुणे कमी असले की गाडीही त्याच चालवायच्या. बिनआवाजाची ती उघडी गाडी तिघींना घेऊन सदाहरित जंगलात शिरली तेव्हा भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटलं. वर पानांचं छत इतकं दाट की ऊन खाली पोचतच नव्हतं.

“माणसांचं समजलं,” शर्वरी म्हणाली. “पण जनावरांनाही तुम्ही भीती शिकवलीत म्हणे. ती तर जन्मजातच असते ना?”

“आम्हालाही तसंच वाटायचं. इथला शेवटचा वाघ जाऊन पन्नासएक वर्षं झाली होती. मग बाहेरून वाघ आणून सोडले, तर सांबरं त्यांच्याकडे टकामका बघत उभी! पिल्लू भीती आईकडून शिकतं, बघा. मधल्या कितीतरी आयांनी वाघच बघितला नव्हता. शिकवणार कोण?”

मग सुरू झालं ‘भयशिक्षण’. चाकांवरचं एक बुजगावणं, माणसाच्या कमरेएवढं उंच. त्याच्या गळ्यात वासासाठी जुन्या संग्रहालयातली वाळकी वाघनखं बांधायची, ते झाडीतून फिरवायचं आणि बरोबर तो इशारा वाजवायचा. वानरं शिकली. त्यांचं ऐकून शेकरं आणि साळुंक्या शिकल्या, साळुंक्या तर हुबेहूब नक्कल करू लागल्या. गव्यांनी मात्र कमाल केली. इशारा झाला की पळायचं सोडून ते कळपानं चाल करून जाऊ लागले.

“आता आम्ही काही शिकवत नाही,” यास्मिनबाई अभिमानानं म्हणाल्या. “जंगलच जंगलाला शिकवतं.”

वाळकी वाघनखं हे शब्द ऐकले आणि शर्वरीनं जाईला जवळ ओढलं.

फाटकावर कातडं, शिंग, लोकर सगळं काढून ठेवायला सांगितलं होतं. तिनं पर्स दिली, पट्टा दिला. पण जाईच्या झग्याच्या आत काळ्या दोऱ्यात चांदीनं मढवलेलं वाघनख होतं, सासरच्या चार पिढ्यांनी वापरलेलं. तान्ही असताना जाई झोपेत दचकायची, म्हणून सासूबाईंनी ते बांधलं. दचकणं थांबलं, आणि तेव्हापासून शर्वरीची ते काढायची छाती झाली नव्हती. झग्याच्या आत कोणाला कळतंय, असा विचार करून ती गप्प बसली होती. आता सांगायचं तर शोभा होणार. तासाभराचा तर प्रश्न, असं म्हणून ती पुन्हा गप्प बसली.

खॉक्-खॉक्!

शर्वरीचे पाय बसल्या जागी मागे सरकले. डोक्यावर शेकरू किंचाळलं. पाठोपाठ सगळं रान ओरडू लागलं.

यास्मिनबाईंनी समोरच्या पडद्यावर नजर टाकली. वाघांच्या गळ्यातले पट्टे त्यावर दिसत. “दोन्ही वाघ नदीपलीकडे आहेत,” त्या पुटपुटल्या. “मग हे कोणाला बघून ओरडतायत?”

गाडी पुढे गेली, तसा आवाजही पुढे सरकला. फांद्याफांद्यांवर काळी तोंडं, आणि सगळी एकाच बाजूला वळलेली.

“आई,” जाई हळूच म्हणाली, “ते माझ्याकडे बघतायत.”

समोर वाटेवर गवे उभे होते. सगळ्यात पुढची गवी मान खाली घालून फुरफुरली.

“मॅडम, हिच्या गळ्यात वाघनख आहे!” शर्वरी रडकुंडीला येऊन ओरडली.

यास्मिनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “काढा! फेका ते!”

शर्वरीनं दोरा हिसडून तोडला आणि वाघनख झाडीत भिरकावलं. गवीनं तिकडे जाऊन ते हुंगलं. सुटलो, असं शर्वरीला वाटलं. मग गवीनं मान वर केली आणि पुन्हा जाईकडे पाहिलं. वानरं तर क्षणभरही थांबली नव्हती.

गाडी उलटी पळवत त्या फाटकाबाहेर पडल्या, तेव्हा पुढचा पत्रा शिंगांनी फाटला होता.

“वाघनख तर फेकलं होतं!” शर्वरी म्हणाली. “तरी का?”

“बुजगावणं हिच्याच उंचीचं असायचं. वासावरून सुरुवात झाली, पण आता जनावरं हिचा चेहरा शिकलीत.”

“मग विसरायला लावा ना!”

“शिकवायला एक दुपार पुरते. विसरायला कसं लावायचं, ते अजून आम्हाला जमलेलं नाही. हिला परत इथे आणू नका.”

“नाही आणणार. पण हे फाटकाच्या आतच राहील ना?”

कुंपणावरून दोन साळुंक्या उडाल्या आणि कऱ्हाडच्या दिशेनं गेल्या. यास्मिनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

पावसाळा सरला. शर्वरी हळूहळू सगळं विसरत आली. एका दुपारी जाई शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि नेहमीसारखी हात पसरून आईकडे धावली.

खिडकीच्या गजावर एक साळुंकी बसली होती. तिनं जाईकडे मान वाकडी करून पाहिलं.

खॉक्-खॉक्!

शर्वरीचे पाय मागे गेले.

जाई मध्येच थांबली. हात अजून पसरलेलेच होते. “आई, मी आहे ना,” ती म्हणाली.

“हो गं बाळा, ये,” म्हणत शर्वरीनं जिवाच्या करारानं एक पाऊल पुढे टाकलं. साळुंकी पुन्हा ओरडली. शर्वरीची पाठ भिंतीला टेकली, आणि जाईनं हळूहळू हात खाली घेतले.