रूडीच्या मागून कोण उतरलं?

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी तिथे होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या पाहण्यापायीच माझी सख्खी बहीण आज सहा वर्षं माझं तोंड बघत नाही.

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू.

तिनेही नाही ठेवला.

ऑक्टोबरातला रविवार होता. भर दुपार. असल्या गोष्टींना रात्रच लागते, असं मलाही वाटायचं.

लेक सुपिरियर नावाच्या अवाढव्य तळ्याच्या काठावर, मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला आमचं गाव आहे. गावामागच्या जंगलातून नदी पाच धबधब्यांवरून उड्या मारत तळ्यापर्यंत येते. तिच्या कडेकडेने पायवाट आहे. पानं लाल-पिवळी झाली की माझी थोरली बहीण हेल्मी आणि तिचा नवरा रूडी ती वाट वरून खाली चालायचे. दर वर्षी. लग्न झाल्यापासून.

मी चालत नसे. लहानपणी बर्फात घसरगाडीवरून पडले, तेव्हापासून माझा डावा पाय जरा ओढतो. दोघांना वर सोडायचं, गाडी खाली तळ्याजवळ आणायची आणि कॉफीचा थर्मास घेऊन वाट बघायची, एवढंच माझं काम.

त्या दिवशी सकाळीच दोघांची जुंपली होती. कशावरून, ते आता आठवत नाही. हेल्मीची जीभ म्हणजे कात्री.

"सायमा, बूट बघ गं ह्याचे," ती गाडीतून उतरता उतरता म्हणाली. "तळवा सुटलाय. ह्याला घसरून मरायचंय आणि मला विधवा करायचंय."

"मी मेलो तर तुझी बडबड कोण ऐकणार?" रूडी म्हणाला.

"भिंत ऐकेल. तुझ्यापेक्षा बरं ऐकते ती."

मी हसले. हेल्मीने पिवळ्या रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढली आणि पुढे झाली. रूडी माझ्याकडे बघून डोळे फिरवत तिच्या मागे गेला.

पुढे हेल्मी. मागे रूडी.

हे लक्षात ठेवा.

मी खाली आले. गाडीतळावर दुसरं कुणी नव्हतं. तळ्यावरून धुकं चढत होतं, पण फार नाही. झाडांचे बुंधे स्पष्ट दिसत होते. शेवटचा धबधबा तिथून जवळ आहे. त्याचा आवाज सतत येत असतो, इतका की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होतो.

मी पेपर वाचत बसले.

आणि मग जाणवलं... काहीतरी थांबलंय.

पाण्याचा आवाज होता. पण बाकी काही नव्हतं. खारी नाहीत. कावळे नाहीत. पानांवर थेंब पडत होते, ते दिसत होते...

त्यांचा आवाज येत नव्हता.

मी गाडीतून उतरले. तेवढ्यात वाटेच्या वळणावर रूडी दिसला. मान खाली, हात खिशात, गालातल्या गालात हसत. आणि त्याच्या मागे, दोन पावलांवर, पिवळा रेनकोट.

मी हात हलवला.

पिवळ्या रेनकोटानेही हात हलवला.

मी वळले. पुढच्या सीटवरून थर्मास घेतला, दोन कपांत कॉफी ओतली. परत वळले तेव्हा रूडी गाडीजवळ आला होता.

एकटाच.

"हेल्मी कुठंय?" मी विचारलं.

"मागेच आहे की." तो वळला. "अगं, आत्ता बोलत होती."

वाट रिकामी होती.

आधी आम्ही दोघंही हसलो. झाडामागे गेली असेल. मग रूडीने हाक मारली. मग मी मारली. मग कॉफी गार झाली.

रूडी वाटेने वर धावत सुटला. मी पाय ओढत त्याच्या मागे निघाले, पण पाचव्या धबधब्याच्या पायऱ्यांपाशीच गुडघ्याने दगा दिला. खाली फोन लागत नाही. मी परत फिरले, गाडी काढून हमरस्त्यावर गेले आणि तिथून मदत मागवली.

वाइनो आणि त्याची माणसं आली. आमच्या गावात जंगलात कुणी हरवलं की हीच मंडळी शोधायला जातात. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी हेल्मीला स्ट्रेचरवरून खाली आणलं.

ती चौथ्या धबधब्याखाली सापडली. त्याला आम्ही 'कढई' म्हणतो, कारण तिथे खडकाच्या खोलगटात पाणी गरगर फिरत राहतं. हेल्मी कडेच्या कपारीत पडली होती. घोटा मोडलेला. ओठ निळे. अंगात पिवळा रेनकोट.

मी तिचा हात धरायला गेले.

तिने हात काढून घेतला.

"हेल्मी, अगं, मी..."

"हिला माझ्यापासून लांब करा," ती वाइनोला म्हणाली.

वाइनोने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बुटांकडे. बूट जवळजवळ कोरडे होते. मला बाजूला घेऊन त्याने एवढंच विचारलं, "सायमा, तू वर गेली होतीस का?"

"पाचव्याच्या पायऱ्यांपर्यंत. तिथून परत आले. का?"

"कढईवरच्या लहान पुलापासून खालपर्यंत चिखलात दोन माणसांच्या खुणा आहेत. एक रूडीची." त्याने खालचा ओठ चावला. "दुसरी बाईची. डावा पाय ओढत आलेली."

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी हेल्मीने मला आत येऊ दिलं. मला वाटलं, राग उतरला. तिने दार लावून घ्यायला सांगितलं.

"मी घसरले," ती म्हणाली. "पुलाच्या अलीकडे. पडल्या पडल्या हाका मारायला लागले. रूडी पुलावर आला. त्याने खाली पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाहिलं, सायमा. वाऱ्यामुळे ऐकू आलं नसेल म्हणायची सोय नाही. त्याने पाहिलं आणि हसला."

"हेल्मी..."

"आणि मग त्याच्या मागून ती आली. अगदी माझ्यासारखा रेनकोट. माझ्याकडे पाठ होती तिची. तिने त्याच्या दंडाला हात लावला आणि तो चालायला लागला." तिने माझ्या पायाकडे पाहिलं. "पाय ओढत होती ती."

मला क्षणभर कळेचना.

"अगं, मी खाली होते! तुझी वाट बघत होते! तुझी शपथ घेऊन सांगते..."

"माझी शपथ नको घेऊस."

"माझे बूट कोरडे होते. वाइनोला विचार."

"बूट बदलता येतात."

"आणि मी पण पाहिलं तिला! रूडीच्या मागे. मला वाटलं तूच आहेस. तिने हात हलवला, मी..."

"चेहरा पाहिलास?"

मी तोंड उघडलं. मला वाटत होतं, पाहिला. अगदी पक्कं वाटत होतं. पण आठवायला गेले तर टोपीच्या आत... काहीच आठवेना.

"बघ," हेल्मी म्हणाली. "खोटं सांगायचं तर दोघांनी बसून एकच ठरवायचं होतं. तो म्हणतो, 'तूच माझ्याशी सगळी वाट बोलत आलीस.' तू म्हणतेस, चेहरा दिसला नाही. मी तिथे ओरडून ओरडून घसा फोडत होते आणि तुम्ही दोघं... किती दिवस चाललंय हे?"

ज्या बहिणीने माझ्या वेण्या घातल्या, मी पडले तेव्हा मला पाठीवर घेऊन घरी आणलं, ती मला हे विचारत होती.

मी रडले. ओरडले. उपयोग शून्य.

रूडीला मी गाठलं. त्यालाही तिने खोलीतून हाकलून दिलं होतं. कॅन्टीनमध्ये बसून तो कागदी कपाचे तुकडे करत होता.

"पुलावर तू खाली पाहिलंस का?" मी विचारलं.

"पाहिलं. पाणी होतं. दुसरं काही नव्हतं गं."

"हसलास का मग?"

त्याने कपाचा आणखी एक तुकडा फाडला.

"पुलाच्या आधी ती पुढे होती. वळणावर दिसेनाशी झाली. मग मागून आवाज आला, 'हळू चल, दमशील.' मला वाटलं, वाटेत थांबली असेल, मी पुढे निघून आलो असेन." त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणून हसलो. हेल्मीने मला कधी 'दमशील' म्हटलंय? सकाळचं भांडण मिटलं, असं वाटलं मला. सगळी वाट ती इतकं गोड बोलली, सायमा... की मागे वळून पाहावंसंच वाटलं नाही. वळलो तर परत टोमणे सुरू होतील, असं वाटलं."

मला त्याची दया आली. आणि भीतीही वाटली.

हेल्मी बरी झाली आणि गाव सोडून गेली. तळ्याच्या पश्चिम टोकाला, डुलुथ शहरात. तिथल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. मी फोन करायचे, ती ठेवून द्यायची. गावात कुजबुज सुरू झाली. मी बेकरीत काम करते. पाव घ्यायला येणाऱ्या बायका माझ्या पायाकडे बघायच्या. रूडीच्या घरी जाणं मी बंदच केलं. गेले असते तर लोकांना आयतंच मिळालं असतं.

पण तिसऱ्या हिवाळ्यात राहवेना. माणूस एकटा आहे, निदान जेवतो की नाही बघावं. जानेवारीत एका दुपारी वेलदोड्याचा पाव घेऊन गेले.

दाराबाहेर बर्फ साचलेला. त्यावर एकही पाऊल नाही. म्हणजे कितीतरी दिवस कुणी आत गेलं नव्हतं की बाहेर आलं नव्हतं.

रूडीने दार उघडलं. मी बघतच राहिले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, गालांवर रंग. तिशीतल्यासारखा दिसत होता.

"बरा आहेस की," मी म्हणाले.

"हो." तो दारातच उभा. मला आत ये म्हणेना.

घरात पाण्याचा आवाज येत होता. नळ सोडल्यासारखा नाही. त्याहून मोठा. खडकावरून पडणाऱ्या पाण्यासारखा.

"नळ फुटलाय का रे?"

"नाही."

आणि तेवढ्यात आतून...

"कोण आलंय रे?"

हेल्मीचा आवाज.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परत आली! मिटलं सगळं! मी रूडीच्या खांद्यावरून ओरडले, "हेल्मी, अगं, मी! सायमा!"

पाण्याचा आवाज थांबला. एकदम.

"सायमा? अगं, आत ये ना. थंडीत काय उभी राहिलीस? पाय दुखत असेल तुझा."

मी एक पाऊल आत टाकलंसुद्धा. पण रूडीने माझा दंड धरला. घट्ट. त्याचे डोळे मी विसरणार नाही. त्यांत भीती नव्हती.

मत्सर होता.

"तू जा," तो हळूच म्हणाला.

"माझी बहीण आहे ती."

"तुझी बहीण डुलुथला आहे, हे मला माहीत नाही का?"

"मग ही..."

"ही भांडत नाही माझ्याशी," रूडी म्हणाला. आणि त्याने दार लावून घेतलं.

पाव माझ्या हातातच राहिला.

गाडीत बसून मी डुलुथला फोन लावला. हेल्मीने उचलला. मागे भांड्यांचा खडखडाट.

"काय हवंय?" तोच कात्रीसारखा आवाज.

"रूडीच्या घरी कुणीतरी आहे."

मागचा खडखडाट दूर गेला. मला वाटलं, आता फोन ठेवणार. पण नाही.

"कोण?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी मोडलेलं होतं.

"पाहिली नाही. पण हेल्मी... आवाज तुझा आहे. अगदी तुझा. ती मला आत बोलावत होती."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"त्या वेळी मी खोटं बोलत होते असं तू म्हणालीस," मी म्हणाले. "मी बोलत नव्हते. तोही बोलत नव्हता."

"पण आता?" हेल्मी म्हणाली. "आता त्याला माहीत आहे ना, की ती मी नाही?"

मी रूडीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"माहीत असून त्याने ठेवून घेतली." ती हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "मग मी चुकले कुठे, सायमा?"

फोन बंद झाला. तेव्हापासून तिने नंबर बदललाय.

रूडी अजून त्याच घरात राहतो. दुकानातून दोघांचं सामान नेतो. गावात सगळे म्हणतात, हेल्मी परत आली, बरं झालं. काहींनी तिला खिडकीत पाहिलंय. आधीपेक्षा खूप मऊ झालीये म्हणतात. मी खरं सांगायला गेले तर लोक माझ्याकडेच विचित्र नजरेने बघतात. त्यांना वाटतं, हिचा डाव फसला म्हणून जळते.

मागच्या आठवड्यात रूडीची शेजारीण आयली बेकरीत आली होती. पाव पिशवीत भरता भरता म्हणाली, "तुझी बहीण आठवण काढत होती गं. कुंपणापाशी आली होती. म्हणाली, सायमाला सांगा, झालं गेलं विसरून जा, एकदा घरी ये."

मी गल्ला मोजायच्या निमित्ताने मान खाली घातली.

सहा वर्षं मी हेच शब्द ऐकायला तडफडतेय.

मी अजून गेले नाहीये.