सी शिफ्टचा रिकामा रकाना

प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा भागीरथा शेंडे जेवणाचा डबा उघडत होत्या.

"मॅडम, ते शाळेच्या डब्यातलं अर्धं बिस्कीट. शेंगदाणा निघाला."

"ते पोलिसांनी आधीच धरून ठेवलंय. आईच्या हातचा लागला म्हणतात."

"हातचा असता तर फक्त वर निघाला असता. तुम्ही सांगितलंत म्हणून वरचा थर खरवडून वेगळा तपासला आणि मधला भाग वेगळा. दोन्हीकडे सारखाच आहे."

बाईंनी डबा परत बंद केला.

भागीरथाबाई अन्नसुरक्षा अधिकारी. सव्वीस वर्षं त्यांनी दुधातलं पाणी आणि मिरचीपुडीतला रंग शोधण्यात घालवली होती. त्यांच्या टेबलावर मोना अंकुर बोपचेची फाइल होती. वय सहा, राहणार जुनवानी. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा. अकरा दिवसांपूर्वी शाळेत मधल्या सुट्टीत तिनं डब्यातलं चॉकलेटचं बिस्कीट खाल्लं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पाकिटावर शेंगदाण्याचं नाव नव्हतं. मग पोलिसांनी लिहिलं, आईचा निष्काळजीपणा. फाइल मिटायची घाई असली की मेलेल्या पोरीची आई फार सोयीची पडते.

शुक्रवार होता. बाई थेट जुनवानीला गेल्या.

बोपच्यांच्या घरात टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. बघत कुणीच नव्हतं. मोनाची आई दिपाली भिंतीला टेकून बसली होती. तिचे तळहात लाल होते, बोटांची सालं निघाली होती.

"धुऊन धुऊन तसे केले तिनं," सासू सिंधुताई म्हणाली. "दिवसभर साबण. पण डोळ्यात पाणी नाही पाहा मॅडम. अकरा दिवसात एकदा रडली नाही. आई आहे का हे?"

दिपालीनं मान वर केली नाही. ऐकू आलं असावं, पण आत कुठे पोचत नव्हतं.

"दिपाली, आदल्या संध्याकाळी काय झालं?"

"शेजारच्या बेबीताईकडे उपासाची खिचडी होती. त्याईले दाणे कुटून देल्ले."

"मग?"

"मंग हात धुतले. आंघोळ केली. कपडे बदलले. दोन वर्षापासून असंच करते जी. आमच्या घरात दाणा येत नाही."

"सकाळी?"

"मोना उशिरा उठली. न्याहारी केली नाही. तर नवीन पाकीट फोडून चार बिस्किटं डब्यात देल्ली."

"पाकीट वाचलं होतं?"

दिपाली समोरच्या भिंतीकडे बघत एका सुरात बोलायला लागली. "मैदा, साखर, खाद्य तेल, कोको पावडर, दूध पावडर, मीठ. फुगवायले पाचशे तीन अन् पाचशे. इमल्सिफायर तीनशे बावीस, सोयाचं. रंग एकशे पन्नास डी. खाली जाड अक्षरात गहू, दूध, सोया. बस. मालाची तारीख चार. दरवेळी तीनदा वाचते मी. त्या दिवशीही वाचलं."

"वाचून काय उपयोग, हात खराब असन तं!" सिंधुताई म्हणाली. "येत्या रविवारी हिचा भाऊ येऊन राहिला गोंदियाहून. घेऊन जाईन. मंग पुन्हा या घरात नाही यायचं."

दिपालीचा नवरा अंकुर दारात उभा होता. बायकोकडे न बघता तो म्हणाला, "मॅडम, फाइल बंद कर दो ना. आता काय निघणार आहे त्याच्यातून?"

भागीरथाबाईंना राग आला. प्रयोगशाळेचं उत्तर तिथंच सांगून टाकावं असं वाटलं. पण दाणा बिस्किटात शिरला कसा, हे कळल्याशिवाय कारखानेवाला हात झटकणार आणि सगळं फिरून दिपालीवरच येणार, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी विषय बदलला.

"पाकिटं आणली कोणी?"

"म्या," खाटेवरून मोनाचे आजोबा बोलले. कृष्णराव. खांदे रुंद, आवाज बारीक. "हथखोजच्या बिस्कीट फॅक्टरीत स्टोअर पाहतो जी, अर्धा दिवस. कामगाराले महिन्याचं खोकं भेटते. मोनाले लई आवडत होते."

"बाकीची पाकिटं?"

"फेकले. कुरुदले बाबारावच्या गोठ्यात. गाईले."

"तुमी फेकले?" सिंधुताईला नवल वाटलं. "हा माणूस वाकडा खिळा ठोकून सरळ करून ठेवते मॅडम. पोळीचा तुकडा फेकू देत नाही कोणाले."

कृष्णरावांनी कूस बदलली.

"आधी स्टील प्लांटमध्ये होतात?"

"एस.एम.एस.मध्ये. पोलादाच्या भट्टीवर. छत्तीस वर्ष."

"माझे बाबा तिथंच कोक ओव्हनला होते."

म्हातारा क्षणभर उठून बसल्यासारखा झाला. मग पुन्हा भिंतीकडे वळला.

*

हथखोजचा कारखाना पत्र्याचा, पण आत स्वच्छ. मालक भैयालाल साहू चहा मागवून मोकळे झाले होते. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"शेंगदाणा येतो इथे?"

"इसी महीने से. दाना कुकीज शुरू किया है. लाइन अलग, मशीन अलग. चॉकलेटवाले से कोई लेना-देना नहीं."

ते खरं होतं. दोन लाइनींच्या मधे भिंत होती. बाईंनी ती हात लावून पाहिली. मग कणीक मळायच्या खोलीत गेल्या. तिथला इनचार्ज रोशन, पंचविशीतला, टोपी नीट घातलेला.

"तुटक्या बिस्किटांचं काय करता?"

"चुरा? गाईले जाते मॅडम. कुरुदले, बाबारावच्या गोठ्यात." उत्तर जरा लवकर आलं.

"दोन्ही लाइनींचा?"

"हो जी. सबका."

"शिफ्ट किती?"

"दोनच. ए अन् बी. रात्री ओव्हन बंद राहते."

बाईंनी भिंतीतलं कपाट उघडलं. दाराला आतून एक कागद चिकटवला होता. पट्टी लावून रेघा मारलेल्या, अक्षर टपोरं. डावीकडे महिन्याच्या तारखा. पुढे ए, बी, सी असे तीन मोठे रकाने आणि प्रत्येकात 'चार्ज', 'स्क्रॅप', 'टेम्परेचर'. सी शिफ्टचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. स्क्रॅपखाली एक ते तीन तारखेला 'ग्लुकोज, १२ किलो' लिहिलं होतं. चार तारखेला 'दाणा, १२ किलो'.

"हे कोणी लिहिलं?"

रोशननं मालकाकडे पाहिलं.

"पुराना कागज होगा," भैयालाल म्हणाले.

"या महिन्याचा आहे. रोशन, तुझ्या घरी कोणी प्लांटमध्ये आहे?"

"नाही जी. बाबा टेलर आहेत."

"साहूजी, तुमच्या?"

"हमारी तो किराने की दुकान थी."

बाईंनी कागद जपून काढला, पंचनाम्यात लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. इतके दिवस तो तिथंच होता. सगळ्यांनी पाकीट तपासलं होतं, कपाट कुणी उघडलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी त्या कुरुदला गेल्या. बाबाराव म्हैस धूत होता.

"बिस्किटाचा चुरा येतो तुमच्याकडे?"

"येत होता. चार महिने झाले, बंद आहे जी."

"आणि कृष्णराव बोपच्यांनी आठ-दहा दिवसांत पाकिटं टाकली?"

"पाकीटबंद?" बाबाराव हसला. "माझ्या गाईनं पाकीटबंद बिस्कीट अजून पाह्यलं नाही मॅडम. पाह्यलं असतं तं आता चारा खाल्ला नसता तिनं."

बाईंना हसू आलं नाही. आपल्याला कुठे जायचं आहे ते त्यांना कळलं होतं, आणि जाऊ नये असं फार वाटत होतं.

*

दुपारी बोपच्यांच्या खोलीत सगळे होते. टीव्ही अजून तसाच मुका चालू होता. बाईंसोबत हवालदार आणि रोशन आले होते. रोशननं ठाण्यात रात्रीच तोंड उघडलं होतं, पण एक नाव तो घेत नव्हता.

"बिस्किटाच्या मधोमध दाणा होता," भागीरथाबाईंनी सुरुवात केली. "भाजल्यावर हात लावून दाणा आत जात नाही. तो कणकेतच होता."

सिंधुताईनं सुनेकडे पाहिलं. दिपाली हलली नाही.

"आता कणकेत आला कुठून? चॉकलेटच्या लाइनीवर दाणा नाही. पण तुटक्या बिस्किटांचा चुरा चार महिन्यांपासून गोठ्यात जात नाही. दळून पुन्हा कणकेत जातो. तो चॉकलेटच्याच बिस्किटात घालता येतो, कारण काळ्या रंगात काही दिसत नाही. बरोबर, रोशन?"

"हो जी."

"साधा, ग्लुकोजचा चुरा होता तोवर कोणाला काही झालं नाही. या महिन्यात दाण्याच्या कुकीज सुरू झाल्या. चार तारखेला त्यांचा चुरा पडला. मोनाचं पाकीट चार तारखेचं."

"मालकानं केलं न हे?" अंकुरचा आवाज चढला. "साले को छोडूंगा नहीं!"

"मालकाला माहीत होतं. कारखान्याला कुलूप लागलंय, त्याच्यावर गुन्हा दाखल होतोय. पण ही युक्ती त्याची नाही. त्याला ती कोणीतरी शिकवली." बाईंनी कागद उघडला. "दोन शिफ्टच्या कारखान्यात तीन शिफ्टचे रकाने कोण आखतं? ज्यानं जन्मभर ए, बी, सी केलं तो. सी रिकामा राहणार हे माहीत असूनही त्याचा हात थांबत नाही. माझे बाबा रिटायर झाल्यावर घरातल्या दुधाचा हिशेब असाच तीन रकान्यांत ठेवायचे. आणि कणकेला चार्ज, चुऱ्याला स्क्रॅप, ही पोलादाच्या भट्टीवरची भाषा बिस्किटाला कोण लावतं? त्या कारखान्यात प्लांटचा माणूस एकच आहे."

 अंकुरनं कागद घेतला. अक्षर त्याच्या शाळेच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरचं होतं.

"बाबूजी?"

कृष्णराव खाटेवर सरळ बसले.

"वाया जात होतं," ते म्हणाले. "रोज पोतंभर. म्या भैयालालले म्हटलं, आमच्या भट्टीत तुटकं-फुटकं सारंच पुन्हा चार्ज होते. गंजका पाइप, जुना रूळ, सायकल. सोळाशे डिग्री. अंदर काहीही टाका, बाहेर कोरं पोलाद निघते. छत्तीस वर्ष हेच पाह्यलं. चार तारखेले रोशननं विचारलं, काका, दाण्याचा टाकू का? म्या म्हटलं टाक. भट्टीतून तर जाणार आहे."

"बिस्किटाची भट्टी सव्वादोनशेची असते, काका. आणि दाणा भट्टीत मरत नाही. आपण तर तो भाजूनच खातो."

"हो," म्हातारा म्हणाला. "एवढं साधं."

"पाकिटं कुठं आहेत?"

त्यांनी खाटेखालून हिरवी पत्र्याची पेटी ओढली. गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली लावली. प्लांटचं हेल्मेट होतं, निरोपाची शाल होती आणि त्यांच्यामधे पाच पाकिटं ओळीनं ठेवलेली.

"गोठ्याच्या रस्त्यानं गेलो होतो. फेकवलं नाही."

हवालदारानं पाकिटं मोजून पिशवीत घातली. तेवढ्यात दिपाली बोलली. काल घटकांची यादी म्हटली होती त्याच सुरात.

"बाबूजी, तुमाले कवा समजलं?"

कृष्णरावांनी सुनेकडे पाहिलं नाही. "डॉक्टरनं दाणा म्हटला, तवाच."

"म्हणजे त्याच दिवशी."

"हो."

"आई मले रोज बोलत होती. तुमी इथंच बसून होते."

म्हाताऱ्यानं पेटीचं झाकण लावलं. चूक एका दिवसाची होती, तिची कीव करता आली असती. हे बारा दिवस मात्र त्यांनी डोळे उघडे ठेवून काढले होते, आणि त्यांना ते माहीत होतं.

हवालदारानं हात पुढे केला. कृष्णराव आपणहून उठले, चप्पल घातली आणि सवयीनं दाराजवळचा दिवा बंद केला.

ते गेल्यावर दिपाली भागीरथाबाईंजवळ आली.

"मी बरोबर वाचलं होतं न जी?"

"बरोबर वाचलं होतंस. त्या पाकिटावर दाणा नव्हताच. तुझ्या हातालाही नव्हता."

"हे कागदावर लिहा."

"लिहिलंय." बाईंनी अहवाल काढला आणि सिंधुताईलाही ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. "मृत मुलीच्या आईने पाकिटावरील घटक वाचून, खात्री करूनच बिस्कीट दिले होते. आईकडून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही."

दिपालीनं आपले सोललेले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. मग ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, शेजारच्या बेबीताईच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सिंधुताई घाईनं तिच्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. दिपालीनं तो हात उचलून बाजूला केला.

"उद्या भाऊ येऊन राहिला," ती रडता रडताच म्हणाली. "मी जाईन. पण मले काढलं म्हणून नाही."