पथ्याचा डबा

बुधवारी सकाळी साडेआठला प्रयोगशाळेच्या पडद्यावर 'कुलगुरू निवास' या नावापुढचा दिवा लालच होता. तो बघून डॉ. शाल्मली हुद्दारला इतकं बरं वाटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मॅडम, काहीतरी बिघडलंय," विद्यापीठाची गटारं सांभाळणारे अभियंते कदीर पटवेकर म्हणाले. "तीन दिवस साथीचा विषाणू शून्य. नियमाप्रमाणे कुलूप उघडायला हवं ना?"

"नियमाप्रमाणेच बंद आहे."

'मलजल-प्रहरी' हे यंत्र शाल्मलीनेच बांधलं होतं. प्रत्येकाच्या नाकात काडी घालत बसण्यापेक्षा इमारतीचं सांडपाणी तपासायचं. विषाणूचे अंश सापडले की इमारतीला आपोआप कुलूप. सलग तीन दिवस शून्य आलं, की दार उघडायचं आणि आतल्यांना दाखला मिळायचा. कल्पना झकास होती. फक्त बऱ्या झालेल्या माणसाच्या विष्ठेतूनही मेलेल्या विषाणूचे तुकडे कित्येक आठवडे पडत राहतात. हे तिने कुलगुरू बल्लाळांना चारदा लिहून कळवलं होतं, आणि चारही वेळा त्यांनी कागद बाजूला सारला होता.

त्या तुकड्यांपायी तिची भाची केतकी मुलींच्या वसतिगृहात एकोणीस दिवस कोंडली गेली. ताप नवव्या दिवशीच उतरला होता. एकोणिसाव्या दिवशी पोट दुखायला लागलं. "मावशी, सहन होत नाही गं," पोरगी फोनवर रडत होती, आणि शाल्मली बल्लाळांच्या दारात हात जोडून उभी होती. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, यंत्र माणूस बघत नाही. म्हणून तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा." दार उघडलं तोवर अपेंडिक्स फुटून विष अंगभर भिनलं होतं. बाविसाव्या वर्षी गेली पोर! आणि शोकसभेत या गृहस्थांनी शिस्तीवर भाषण ठोकलं.

आता तेच बल्लाळ आजारी पडून, बरे होऊन, एकटेच कुलपाआड बसले होते. सोमवारी दिल्लीत त्यांना आयोगाचं अध्यक्षपद घ्यायचं होतं. मग हाच नियम आणि हीच कुलपं देशातल्या प्रत्येक वसतिगृहाला लागणार होती. पण दाखल्याशिवाय दिल्लीत कुणी पाऊल ठेवू देत नव्हतं.

"मग अडलंय कुठे?" पटवेकरांनी विचारलं.

"समजा, कुणी दिवसभर नुसता नळ सोडून ठेवला. तेही पाणी शून्यच दाखवेल ना? म्हणून पाण्यात माणसाची खूण लागते. ती खूण म्हणजे मिरचीचा विषाणू. झाडावरचा आहे, आपल्याला काही करत नाही. मिरची खाल्ली की पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. आपल्याकडे मिरची न खाणारा कोण सापडणार? खूण नसेल तर यंत्र नमुना बाद करतं. तो दिवस मोजतच नाही."

पटवेकरांनी पडद्यावरची बारीक ओळ वाचली. 'नमुना बाद. इमारतीत माणूस नाही.'

"या अल्ला! साहेबांना अल्सर आहे. वर्षभर ताकभात आणि दुधीची अळणी भाजी!" ते ताडकन उठले. "मॅडम, आज चमचाभर ठेचा पाठवला तर शनिवारी सुटतील की!"

"सांगणार तुम्ही त्यांना?"

पटवेकर हळूच खाली बसले. त्यांची मुलगी केतकीच्याच खोलीत राहत होती. त्या दिवशी तिनेही दारावर मुठी आपटल्या होत्या.

"मला गटारातलं कळतं, मॅडम," ते म्हणाले. "जेवणातलं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. बल्लाळच होते. "हुद्दार, मी ठणठणीत आहे! तुमच्या यंत्राला मी दिसत कसा नाही?"

"सर, यंत्र माणूस बघत नाही."

शाल्मलीने रिसीव्हर घट्ट धरला. त्यांनी केतकीचं नुसतं नाव जरी काढलं, तरी सांगून टाकायचं, असं तिने मनाशी ठरवलं. खरंच ठरवलं.

"वायफळ बोलू नका," बल्लाळ कडाडले. "आणि हो, काल भाजीत मिरचीचा तुकडा निघाला. मी काढून फेकला म्हणून वाचलो. त्या मेसवाल्याला चांगली तंबी द्या!"

"देते, सर," शाल्मली म्हणाली. "पुन्हा नाही निघणार."