वीतभर उघडी खिडकी

रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खातात तेव्हा आवाज होतो. एका अळीचा आवाज ऐकू येत नाही. पण वीस हजार अळ्या एकदम खाऊ लागल्या, की शेजारच्या खोलीत कोणीतरी सुपात बाजरी घोळवते आहे असे वाटते. साजिरीला त्या आवाजाची इतकी सवय होती, की तो थांबला तेव्हाच तिचे लक्ष गेले.

सन २०५८. मे महिन्यातली दुपार. जालन्यापासून तासाभरावरच्या त्या गावात बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होते.

"आई, त्या खात नाहीयेत," साजिरी म्हणाली.

आईने, म्हणजे श्रावणीने, रॅकवरचा पाला बाजूला करून पाहिले. अळ्या बोटभर लांब झाल्या होत्या. चार वेळा कात टाकून झाली होती. अजून पाच दिवस पोटभर खाल्ले, की त्या कोष विणायला लागणार होत्या. पण आता त्या माना वर करून नुसत्या थांबल्या होत्या.

"तेहेतीस पूर्णांक दोन दशांश अंश," कोपऱ्यातून मोजू म्हणाला. मोजू हा गावच्या रेशीम गटाचा यंत्रमानव. उंचीने साजिरीएवढा, तीन चाकांचा. आठवड्यातून दोन दिवस तो त्यांच्याकडे असायचा. "या वयात अळ्यांना पंचवीस ते अठ्ठावीस अंश हवे असतात. एसी बंद पडून चाळीस मिनिटे झाली."

एसी बिघडला नव्हता; उष्णतेची लाट आजच जाहीर झाली होती. उष्णतेच्या लाटेत बारा ते पाच या वेळात प्रत्येक घराला फक्त चारशे वॅट वीज मिळे, सगळ्यांना थोडी थोडी पुरावी म्हणून. एसीला दोन हजार लागत. आतापर्यंत मे महिन्यात आई अळ्या घेतच नसे. या वर्षी थंडीतली अळ्यांची तुकडी घ्यायची राहून गेली. दिवाळीत नाना, म्हणजे आईचे वडील, गेले आणि त्यानंतर चार महिने आईने या खोलीचे कुलूपच उघडले नाही. उघडले तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "एक तुकडी काढून बघू. जमलं तर ठीक, नाहीतर खोली बंद करून टाकू." ही खोली नानांनी स्वतः बांधली होती.

"आई, नानांचा कूलर?" साजिरीने विचारले.

आईने पडवीकडे पाहिले. मग म्हणाली, "ताडपत्री काढ. मी पाला भिजवून आणते."

कूलर पडवीत होता. पत्र्याचा, खिडकीएवढा रुंद, निळ्या रंगाचे पोपडे उडालेला. नाना जालन्यात पत्र्याचे काम करायचे. हा त्यांनीच बनवला होता. साजिरी आणि मोजू तो ओढू लागले तेव्हा कुंपणापलीकडून मंगलकाकू ओरडल्या, "अगं माय, त्या भंगाराला कशाला उठवायलीस? आत उंदरांनी संसार मांडला असंल!"

"मग भाडं मागते त्यांना!" साजिरीने उलट उत्तर दिले. काकू हसत हसत तुतीच्या फांद्या तोडायला गेल्या.

उंदीर नव्हते. खालच्या टाकीत धूळ होती, आणि धुळीत एक लाकडी ठोकळा पडलेला होता. वीतभर लांब, दोन्ही टोकांना खाच पाडलेली, हातात धरून धरून गुळगुळीत झालेला. मधोमध एक दोरा बांधलेला.

"हा कशाचा रे?"

मोजूने तो फिरवून पाहिला. "सागवान. लांबी बावीस सेंटिमीटर. कूलरच्या कोणत्याही भागाशी जुळत नाही. उपयोग माहीत नाही."

"तुला माहीत नाही?"

"मला पुष्कळ गोष्टी माहीत नाहीत. फक्त मला कोणी त्या विचारत नाही."

साजिरीने ठोकळा खिशात टाकला. पंख्याची पाती पुसली. कूलरच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या होत्या, म्हणजे वाळा नावाच्या गवताची सुगंधी मुळे दाबून केलेल्या जाड चौकटी. त्यांच्यावर पाणी ओतताच ओला, मातकट, गोड वास सुटला. तेवढ्यात आई पाल्याची टोपली घेऊन आली. ती दारातच थांबली. एक मोठा श्वास घेतला आणि आत गेली.

नानांनी खोलीच्या उत्तरेच्या खिडकीत कूलरसाठी चौकट केलेली होती. कूलर तिच्यात बरोबर बसला. त्याचे तोंड आत, पाठ बाहेर सावलीत.

"पण मोजू," टाकीत पाणी भरता भरता साजिरी म्हणाली, "एसीसारखा गॅस नाही, मोठं यंत्र नाही. नुसतं पाणी आणि पंखा. टाकीतलं पाणी तर कोमट आहे! मग हवा गार कशी होणार?"

"माझ्या दोन बोटांत तापमापक आहेत," मोजू म्हणाला. "डाव्या बोटाला ओली चिंधी गुंडाळ. उजवं कोरडं राहू दे. आता दोन्हींना वारा घाल."

साजिरी सुपाने वारा घालू लागली. मोजूच्या छातीवर दोन आकडे उमटले. उजवीकडचा त्रेचाळीसवरच राहिला. डावीकडचा उतरत गेला. चाळीस, चौतीस, अठ्ठावीस... तेवीसला येऊन थांबला.

"अरे! हवा तीच, वारा तोच!"

"पाणी म्हणजे असंख्य रेणूंची (पदार्थाच्या अगदी छोट्या कणांची) गर्दी," मोजू सांगू लागला. "ते सारखे धावत असतात. काही हळू, काही जोरात. धावपळ जास्त तर पाणी गरम, कमी तर गार. आता सांग, या गर्दीतून निसटून हवेत उडी कोण मारू शकेल?"

"जो सगळ्यात जोरात पळतो तो."

"बरोबर. जोरात पळणारे निघून गेले, की मागे राहतात हळू पळणारे. म्हणजे उरलेलं पाणी?"

"गार!"

"याला म्हणतात बाष्पीभवन (पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळणे). त्याला उष्णता लागते, आणि पुष्कळ लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सात लिटर पाणी उकळीला येईल. कूलरमध्ये ही उष्णता कुठून येते? ताटीतून आत येणाऱ्या हवेतून. गरम हवा ओल्या मुळांमधून जाते, आपली उष्णता पाण्याला देते आणि स्वतः गार होऊन बाहेर पडते. छोटा पंप पाणी पुन्हा पुन्हा वर नेऊन ताट्या ओल्या ठेवतो. बस, एवढंच."

"माठाला पाझर फुटतो तसंच."

"आणि तुला घाम येतो तसंच. मला येत नाही. मला नेहमी वाटतं, ती चांगली सोय आहे."

कूलर सुरू झाला. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅट. पंधरा मिनिटांत खोली एकोणतीस अंशांवर आली. आईच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

"सूचना," मोजू म्हणाला. "गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सर्व दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात."

सगळ्या बंदच होत्या. एसी आल्यापासून त्या तशाच असत.

पण मग गडबड झाली. एकोणतीसचे तीस झाले. तीसचे एकतीस. साजिरीचा सदरा पाठीला चिकटला. रॅकच्या लोखंडी पट्ट्यांवर पाण्याचे थेंब दिसू लागले.

"आर्द्रता (हवेतल्या वाफेचे प्रमाण) ब्याण्णव टक्के," मोजू म्हणाला. "अळ्यांना ऐंशीच्या वर चालत नाही. त्यांना रोग होतो. मला हे समजत नाही. कूलर नीट आहे, पाणी आहे, पंखा फिरतो आहे. माझं काहीतरी चुकत आहे."

आई रॅकपाशी उभी होती. एक अळी तिने तळहातावर घेतली. ती हललीच नाही.

"बंद कर तो," आई हळूच म्हणाली. "नाना असताना चालायचा. त्यांना त्याचं काय काय माहीत होतं. आपण विचारून ठेवलं नाही."

साजिरीने ओले हात पुसले. ती कूलरकडे गेली. बटण दाबण्याआधी तिने हात पुढे केला. हवा येत होती, पण अगदी मरतुकडी. पंखा तर गरगरत होता. मग हवा जाते कुठे?

तेवढ्यात मंगलकाकूंनी पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन दाराला धक्का दिला. दार उघडताच आतून असा झोत बाहेर धावला, की काकूंचा पदर उडून फांद्यांत अडकला. आणि त्याच क्षणी कूलरचा आवाज बदलला. आतापर्यंत तो कण्हत होता. आता मोकळा घोंघावू लागला. साजिरीच्या हातावर गार वारा आदळला.

"काकू, तिथंच थांबा! दार लावू नका!"

"अगं, डोक्यावर भारा हाय माझ्या!"

"थांबाच!"

"आता काय देवीसारखी उभी राहू का दारात?" काकू कुरकुरल्या. मग आत वाकून पाहत म्हणाल्या, "काय गं हे, सगळं गच्च लावून बसलात! नाना कधी असं करत नव्हते. भर उन्हात ती मागची खिडकी उघडी ठेवायचे. आम्ही हसायचो त्यांना. म्हणायचो, नाना, गावाला गारवा वाटायलात काय? तर म्हणायचे, वाटल्याशिवाय मिळत नाही."

साजिरीने खिशात हात घातला.

कूलरच्या बरोबर समोर, दक्षिणेच्या भिंतीत, मागची खिडकी होती. बाहेरून माशी येऊ नये म्हणून तिला बारीक जाळी होती. साजिरीने कडी काढून एक झडप उघडली आणि ठोकळा मध्ये धरला. एक खाच चौकटीवर बसली, दुसरी झडपेच्या कडेवर. इतकी चपखल, की हात सोडल्यावरही तो पडला नाही. खिडकी वीतभर उघडी राहिली. तिथून खोलीतली दमट हवा ऊन ऊन बाहेर निघाली आणि समोरून कूलरची गार हवा साऱ्या रॅकवरून वाहत आली.

"मला समजलं," मोजू म्हणाला. "माझी सूचना एसीसाठी होती. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो आणि तिच्यातलं पाणी काढून घेतो. म्हणून खोली बंद हवी. कूलर बाहेरची नवी हवा आत ढकलतो आणि तिच्यात वाफ घालतो. जुनी हवा बाहेर गेली नाही, तर नवी येणार कुठे? फुगलेल्या फुग्यात आणखी हवा भरण्यासारखं ते. शिवाय आतल्या हवेत वाफ साचत गेली. वाफेनं भरलेली हवा आणखी वाफ घेत नाही. बाष्पीभवन मंदावलं, की गारवाही थांबला."

"म्हणजे कूलरला कोरडी, तहानलेली हवा लागते," साजिरी म्हणाली. "म्हणूनच रत्नागिरीच्या मावशीकडे कूलर चालत नाही! तिथली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली असते."

"अगदी बरोबर. इथली कोरडी आहे, म्हणून इथे तो राजा आहे. एसीच्या दहाव्या हिश्शाची वीज, ताजी हवा, आणि अळ्यांना हवा असलेला ओलावाही. पाणी मात्र लागतं. दुपारभरात चार बादल्या. आणि टाकी आठवड्याला धुवायची, नाहीतर डास होतात."

"छताच्या पाण्याची टाकी भरलेली आहे," आई म्हणाली. ती मागच्या खिडकीपाशी आली होती. ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "एसी बसवायला आलेल्या माणसानं हा काढला. मीच नानांना म्हटलं, आता कशाला, टाका तो चुलीत." ती थांबली. "हो म्हणाले होते."

साजिरी जवळ सरकली. तिने आईचा हात धरला.

मग काकू भारा टाकून म्हणाल्या, "पाला कोण घालणार? मी?"

तिघींनी मिळून ताजा पाला घातला. चारच्या सुमारास मोजूने सांगितले, "सत्तावीस अंश. आर्द्रता अठ्ठ्याहत्तर." पण त्याची गरज नव्हती. आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या रॅकवरून, हळूहळू साऱ्या खोलीतून तो आवाज येऊ लागला होता. सुपात बाजरी घोळवल्याचा.

आई पाटावर बसून ऐकत राहिली. डोळे मिटून, बराच वेळ.

"श्रावणीताई," मोजू म्हणाला, "गटात एकेचाळीस घरं आहेत. माझी चुकीची सूचना सगळीकडे गेली आहे. ती बदलून पाठवतो. नव्या सूचनेखाली ज्यानं शोधलं त्याचं नाव लिहावं लागतं. साजिरीचं लिहू?"

"माझं कशाला? मी नुसता ठोकळा खिशात टाकला."

"नानांचं लिही. उद्धवराव," आई म्हणाली. "आणि पुढं लिही, पत्र्याचं काम."

मोजूने लिहिले. साजिरी स्टूल घेऊन खिडकीपाशी गेली. "आई, याला आता खिळा ठोकू का? पक्का बसेल."

"नको. दोरा आहे ना त्याला, चौकटीला बांधून ठेव. पावसाळ्यात कूलर बंद झाला की काढावा लागेल. आणि काढला की..."

"टाकीत ठेवायचा," साजिरी म्हणाली.

आई हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.